देवचाराची वाट आणि माझी एक ओळ

मामलेदारांच्या कचेरीत उभं राहून, गळ्यापर्यंत बटणं लावून, "साहेब, ती वाट मीच लपवली," असं कबूल करायची पाळी माझ्यासारख्या सरळ माणसावर येईल असं माझ्या बायकोला कधी वाटलं नव्हतं. मला अधूनमधून वाटायचं. पण ते खाणीवर होतो तेव्हा, आणि तिथून तर मी सुखरूप सुटलो. सापडलो तो नकाशामुळे, तेही मी लिहिलेल्या एका ओळीमुळे. त्या ओळीपायी माझ्या थोरल्या बहिणीची घराची वाट बंद व्हायला आली होती.

पण आधी धंदा सांगतो, नाहीतर तुम्हाला वाटेल मी कुदळ घेऊन वाट उकरली.

डिचोलीजवळच्या एका खाणीवर मी सर्व्हेयर होतो. तिपाईवर दुर्बीण ठेवायची, एक डोळा मिटायचा आणि दुसऱ्याने डोंगर किती उरला ते बघायचं, हे माझं काम. खाण बंद पडली तेव्हा मी घरी बसलो. आठ दिवसांत बायको म्हणाली, "माझ्या डब्यांचा सर्व्हे करू नका. बाहेर कायतरी बघा." तेव्हा डिचोलीच्या बाजारात पोदेराच्या दुकानावर, म्हणजे पाववाल्याच्या वर, दोन खोल्यांत प्रज्ञाने नकाशांचं ऑफिस काढलं होतं. प्रज्ञा आमच्याच गल्लीतली, शिकलेली इंजिनेर, वयाने माझ्या मुलीएवढी आणि आवाजाने माझ्या सासूएवढी. तिला रस्ते ओळखणारा माणूस हवा होता. खाली पाव भाजले की वर वास यायचा, एवढ्यावर मी नोकरी धरली.

आता लक्ष द्या, एकदाच सांगतो. जगात एक खुला नकाशा आहे. त्याला मालक नाही. कुणीही यावं, आपल्या गावची रेघ ओढावी, आपल्या गावची विहीर टोचावी. पण तो नकाशा म्हणजे चित्र नव्हे, कोठार. त्यात प्रत्येक रेघेला चिठ्ठ्या बांधलेल्या असतात. प्रकार अमुक, रुंदी अमुक, नाव अमुक, डांबर आहे की माती. गंमत म्हणजे त्या कोठाराच्या रीतीप्रमाणे चालण्याजोग्या प्रत्येक रेघेच्या चिठ्ठीवर आधी 'हायवे' लिहायचं आणि मग पुढे पोटजात. म्हणजे आमच्या दादूची म्हैस डुंबायला जाते ती वाटसुद्धा कागदोपत्री हायवे. म्हशीला हे अजून कुणी सांगितलेलं नाही.

या कोठारातून फोनवर किंवा हातातल्या यंत्रावर बघायचा नकाशा करायचा, तर मध्ये कुणीतरी नियम लिहावे लागतात. कुठली चिठ्ठी असेल तर कुठला रंग, किती जाड रेघ, किती जवळ गेल्यावर दिसायची, आणि सगळ्यांत महत्त्वाचं म्हणजे त्या रेघेवरून गाडीला जाऊ द्यायचं की नाही. हे नियम लिहायचं काम माझं. लग्नात दाराशी एक मामा उभा असतो बघा, "तुम्ही वरपक्षाचे, पहिल्या पंगतीत, तुम्ही शेजारी, जरा थांबा," असं करणारा. तोच मी. नियम वरून खाली वाचले जातात. ज्याला पहिला लागू पडला, तो तिथे बसला. त्याला पुढचे नियम बघतसुद्धा नाहीत. आणि ज्याला एकही लागू पडला नाही, तो दाराबाहेर. लग्नाला आलेला असतो, पण फोटोत नसतो.

हे शेवटचं वाक्य ध्यानात ठेवा. मी ठेवलं नव्हतं, म्हणून तर पुढचं रामायण.

नवखेपणी मी एक नियम लिहिला: रस्ता जेवढा रुंद तेवढा मोठा. शहाणपणाचा वाटतो ना? मलाही वाटला. महिन्याभरात एका गृहस्थांचा फोन आला. पुण्याचे. बायको, दोन मुलं आणि सासूबाई घेऊन गोवा बघायला आलेले. म्हणाले, "तुमच्या नकाशाने आम्हाला फार सुंदर, रुंद रस्त्याने आणलं. आता पुढे तळं आहे. लाल." मी विचारलं, "काठ उभा आहे?" म्हणाले, "हो, सासूबाई वाकून बघताहेत." मी म्हटलं, "त्यांना आधी मागे घ्या." ती आमची खाण. टिपर जायला म्हणून तो रस्ता एवढा रुंद, आणि त्याची आखणी मीच केलेली. माझ्या जुन्या रस्त्याने माझ्या नव्या नियमाचे दात घशात घातले. वाईट वाटलं, पण खोटं कशाला बोलू, रस्ता सुंदर म्हणाले तेव्हा छाती थोडी फुगलीसुद्धा.

दुसरी गोष्ट केरीच्या फेरीबोटीची. केरीहून तेरेखोलला जाणारी बोट नकाशात रेघच असते, पाण्यावरची. तिच्यासाठी मी वेगळा नियम लिहायला विसरलो. मग ती घरंगळत यादीच्या तळाला गेली, जिथे 'बाकी सगळे' म्हणून एक पंगत असते, आणि तिथे तिला साध्या रस्त्याचा वेग मिळाला. यंत्राच्या मते नदी पार करायला लागत होतं दीड मिनिट. सगळी यंत्रं सगळ्या गाड्यांना केरीच्या धक्क्यावर पाठवू लागली. एका गिऱ्हाइकाने धक्क्यावरून संदेश पाठवला: "ओहोटी आहे. बोट वाळूत बसली आहे. तुमच्या हिशेबाने मी केव्हाच पलीकडे पोचलो. तिथे मी काय करतोय, जरा बघून सांगाल का?" असली गिऱ्हाइकं मला आवडतात. प्रज्ञाला आवडत नाहीत.

तिने मग दंडक घातला. प्रत्येक नियमाच्या डोक्यावर एक टीप लिहायची: हा नियम का केला. यंत्र टीप वाचत नाही, ती माणसांसाठी. "काका, उद्या तुम्ही नसलात तर मला कळायला हवं," असं ती म्हणाली. उद्या मी नसलो तर, हे तिने ज्या सहजपणे म्हटलं, ते अजून माझ्या लक्षात आहे.

आता मुख्य गोष्ट.

माझी थोरली बहीण, आमची ताय, पेडण्यात इब्रामपूरच्या बाजूला दिलेली. डोंगराच्या कुशीत पाच घरांचा वाडा. नवरा गेला, मुलगा मुरगावला बंदरात कामाला, आणि ताय एकटी त्या घरात एक गाय, दोन मांजरं आणि सगळ्या जगाबद्दलची स्वतःची मतं घेऊन राहते. घरापासून बसथांब्यापर्यंत एक पायवाट आहे. काजूंच्या खालून जाते, ओहोळ ओलांडते आणि पंधरा मिनिटांत थांब्यावर सोडते. गाडीरस्त्याने गेलं तर डोंगराला वळसा घालून पाऊण तास. तायचे गुडघे गेलेले. पायवाट आहे म्हणून ती दवाखान्याला, बाजाराला जाऊ शकते. मुलगा दर चतुर्थीला म्हणतो, "आई, मुरगावला चल, बिल्डिंगला लिफ्ट आसा." आणि ती म्हणते, "लिफ्टीत गाय रवात?"

त्या पायवाटेचं नाव देवचाराची वाट. देवचार म्हणजे आमच्या गावांचा राखणदार. रात्री खांद्यावर कांबळं, हातात दांडा घेऊन शिवेवर फिरतो, वहाणांचा आवाज येतो म्हणतात. मला विचाराल तर तालुक्यात रात्रपाळी इमानाने करणारा हा एकच. पगार म्हणून वर्षातून एकदा रोट, म्हणजे जाड भाकरी, विडी आणि थोडा सोरो, म्हणजे दारू. त्याच्या वाटेत कुणी घर बांधत नाही, कुंपण घालत नाही. मी देवचार मानतो का? दिवसा नाही.

वाड्यावरच्या कुणीतरी हौसेने ही वाट खुल्या नकाशात नावासकट काढली. चांगलं केलं. वाईट मी केलं. माझ्या त्या वेळच्या नियमात डोंगरातल्या मातीच्या वाटांना स्कूटर चालत होती. आणि भाड्याच्या स्कूटरवरून फिरणाऱ्यांना 'देवचार' या शब्दाचा अर्थ कुणीतरी 'भूत' म्हणून सांगितला. मग काय विचारता! रोज दोन-चार स्कूटरी तायच्या अंगणात.

तायचा फोन आला. तिला 'हॅलो' ही वेळेची नासाडी वाटते.

"आना, मेल्या, तुझ्या नकाशार शिरां पडो! माझ्या आंगणात गाडये घालतत. गाय दूद दिना. काल एक बाय अर्धी चड्डी घालून आयली आणि माका इचारता, भूत किती वाजता येता?"

"मग तू काय सांगितलंस?"

"सांगितलंय, आत्ताच डिचोलेक गेलो, तासाभरान येतलो, बसा. दोन तास बसली मेली! चाय करून दिवची लागली."

मी हसत होतो. ती हसत नव्हती. म्हणाली, "आजच्या आज काड ती वाट थंयसून. नायतर मी येतंय डिचोलेक."

ती येईल ही धमकी पुरेशी होती.

आता इथे माझ्या धंद्यातली कबुली. बरोबर काम करायचं तर चार ओळी लिहाव्या लागत होत्या: वाट दाखव, बारीक ठिपक्यांची, अगदी जवळ गेल्यावरच, पायी जाणाऱ्याला जाऊ दे, गाडीला नको. चार ओळी म्हणजे मग तपासणी, मग दुसऱ्या कुठल्या वाटा तर नाही ना बिघडल्या ते बघणं. अर्धा दिवस. आणि चुकीचं पण सोपं काम एका ओळीचं होतं: त्या भागातल्या पायवाटा वगळ. त्या दिवशी खाली बाजारात ताजे बांगडे आले होते आणि बारा वाजले होते. मी एक ओळ लिहिली. वर दंडकाप्रमाणे टीप लिहिली: 'ताय ओरडते म्हणून.' आणि बांगडे आणायला गेलो.

स्कूटरी बंद झाल्या. तायने कोकमं पाठवली. मी ती ओळ विसरलो. तात्पुरत्या म्हणून ठेवलेल्या वस्तू जशा कायमच्या राहतात, तशी ती राहिली.

पुढे दोनेक वर्षांनी त्या डोंगराची उतरण एका बाहेरच्या कंपनीने घेतली. विमानतळ झाल्यापासून आमच्या पेडण्याच्या डोंगरांना फार पाहुणे येतात. बंगल्यांची वसाहत करायची होती. चिऱ्यांची भिंत उठू लागली आणि एके सकाळी ताय दवाखान्याला निघाली, तर तिच्या वाटेवर पत्रा उभा. पलीकडून रखवालदार म्हणाला, "मावशी, इथनं जायाचं न्हाई." ताय म्हणाली, "मी तुज्या जन्माआदी हंयसून जातंय." तो म्हणाला, "व्हय, पण आता न्हाई." ती वळसा घालून थांब्यावर पोचेपर्यंत बस गेली होती. ती तिथेच मैलाच्या दगडावर बसून राहिली. हे मला तिने नाही, शेजारणीने सांगितलं. ताय रडली, असंही शेजारणीने सांगितलं. मी तायला रडताना नवरा गेला तेव्हा पाहिलं होतं, त्यानंतर नाही.

मुलगा मुरगावहून आला आणि या वेळी त्याने नुसतं विचारलं नाही. म्हणाला, "वाट नाय तर तू हंय रवतलंस कशी? वाट मिळाली तर रव. नाय मिळाली तर गाय विकू आणि चल." आणि ताय, जी आजवर कुणाचं ऐकली नव्हती, ती "बरां" म्हणाली.

पाचही घरांनी मामलेदारांकडे अर्ज केला. वहिवाटीची वाट अडवली तर दाद मागायची ती जागा. पहिल्या तारखेला कंपनीच्या वकिलांनी कागद दाखल केले. ताय ते कागद घेऊन माझ्याकडे आली. मेजावर एक छापील नकाशा ठेवला आणि खालच्या कोपऱ्यावर बोट ठेवलं.

"आना, ह्या तुमच्या हापिसाचा नाव मां?"

होतं. आमचा नकाशा. सुबक, स्वच्छ. कंपनीचा डोंगर, ओहोळ, वाड्यावरची पाच घरं आणि बसथांबा, सगळं जिथल्या तिथे. आणि मध्ये काही नाही. वकिलांनी खाली लिहिलं होतं की स्थानिक लोकांनीच तयार केलेल्या अद्ययावत नकाशातही अशी कोणतीही वाट अस्तित्वात नाही.

ताय माझ्या तोंडाकडे बघत होती. मी म्हटलं, "बघतो." एवढंच. चहा न घेता ती गेली आणि मी तिला अडवलं नाही. ते मला आजही बोचतं.

दुसऱ्या दिवशी प्रज्ञाला सांगितलं. तेव्हा तिचं एका मोठ्या पुरवठादाराशी बोलणं चाललं होतं. त्याच्या सगळ्या गाड्यांत आमचा नकाशा बसायचा होता. आणि मी सांगत होतो की मला कचेरीत जाऊन 'आमच्या नकाशात वाटा गाळल्या आहेत' असं बोलायचंय. तिने फाइल उघडली. आमच्याकडे प्रत्येक बदल केव्हा, कुणी केला ते साठवलेलं असतं. माझी ओळ सापडली. वरची टीपही. तिने ती वाचली, पुन्हा वाचली आणि कपाळावर हात मारला.

"काका, 'ताय ओरडते म्हणून'? हे मी आता साहेबांपुढे ठेवू?"

"नको ठेवू. मी तोंडी सांगतो."

"तोंडी कोण ऐकणार? छापते." यंत्रातून निघालेला कागद तिने माझ्या हातात दिला आणि म्हणाली, "गाड्यांचं काम गेलं तर जाऊ दे. पण तुम्ही मला त्याच दिवशी सांगायला हवं होतं की चार ओळींचं काम एका ओळीत उरकलंत." बांगडे हे उत्तर होऊ शकत नाही.

तर तो कचेरीचा दिवस. मामलेदार तरुण, चष्मेवाले, फार न बोलणारे. वकील उंची सुटात, घामाने ओले. बाकावर ताय आणि वाड्यावरची माणसं. मी लग्नाच्या पंगतीचं सगळं सांगितलं: कोठारात वाट आहे, चिठ्ठीसकट, नावासकट. दाराशी उभं राहून तिला बाहेर ठेवणारा मी.

वकिलांनी विचारलं, "म्हणजे तुमचा नकाशा खोटा?"

"खोटा नाही. जे दाखवतो ते सगळं खरं आहे. काही दाखवत नाही, एवढंच."

"कशावरून आज खरं बोलताय? अर्जदार तुमच्या भगिनी आहेत."

"म्हणून तर तेव्हा लपवली साहेब. भगिनी आहेत म्हणूनच."

मामलेदारांनी हात पुढे केला. मी प्रज्ञाने छापलेला कागद दिला. त्यांनी चष्मा वर सरकवला आणि मोठ्याने, एकेक शब्द सुटा करून वाचलं: "ताय. ओरडते. म्हणून."

कचेरी हसली. शिपाई हसला. वकीलसुद्धा तोंड रुमालात घालून हसले. एक ताय तेवढी हसली नाही. तिने वळून माझ्याकडे बघितलं. वाट कोणी पुसली ते मी आत्ताच सांगितलं होतं; कुणाच्या सांगण्यावरून, ते तिला त्या क्षणी आठवलं. तिचं तोंड उतरलं. मला वाटलं, आता सगळ्यांदेखत शिव्या देईल. दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

मामलेदार म्हणाले, "नकाशात नाही म्हणून वाट नाही, असं होत नाही. नकाशात आहे म्हणून वाट आहे, असंही होत नाही. मी जागेवर येतो."

जागेची पाहणी सकाळी दहाला. मामलेदार, त्यांचा तलाठी, वकील, कंपनीचा एक मॅनेजर, आम्ही आणि रखवालदार. रखवालदाराचं नाव बसप्पा, बेळगावकडचा, भल्यामोठ्या मिशा आणि त्यामागे भित्रा चेहरा. भिंत लांबलचक, छातीएवढी, चिऱ्यांची, छान सरळ. सर्व्हेयरचा डोळा, मी मनात दाद दिली. पण देवचाराची वाट जिथे भिंतीला येऊन मिळते, तिथे दोन हात रुंद भिंतच नव्हती. तिथे पत्रा उभा होता, आणि तोही नुसता टेकवलेला.

मामलेदारांनी पत्र्याला बोट लावलं. पत्रा हलला.

"इथे भिंत का नाही?"

मॅनेजर म्हणाला, "गेटसाठी जागा आहे सर."

मामलेदारांनी पलीकडे डोकावून पाहिलं. पलीकडे ओहोळाचा उतार. "या गेटमधून गाडी कुठे जाणार? ओहोळात?"

मामलेदारांनी बसप्पाकडे बघितलं. "तू इथे राहतोस ना? तू सांग. गेट आहे?"

बसप्पाने एकदा मॅनेजरकडे बघितलं, एकदा काजूंच्या सावलीकडे. मग डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली. "गेट न्हाई साहेब. गवंड्यानं सोडली जागा. कोल्हापूरचा हाय त्यो. म्हणला, हितं रोट ठेवत्यात लोक, हितं मी चिरा लावत न्हाई, हवं तर कामावनं काढा."

"मग पत्रा?"

"पत्रा दिवसाचा साहेब. माणसं येऊ नयेत म्हणून. मॅनेजर साहेबांनी सांगितलं तसं. सांजला मी काढून ठेवतो, सकाळी परत लावतो."

"सांजला का काढतोस?"

बसप्पाचा आवाज खाली गेला. "ते जात्यात न्हवं रात्री. त्यांना अडवून मी झोपू कसा?"

तलाठ्याने वाकून पत्र्याच्या पायथ्याशी बघितलं. तिथे अर्धा उंडो होता, आमच्याकडचा तो गोल पाव, आणि दोन विड्या. वाड्यावरच्या कुणी ठेवलेल्या नव्हत्या. वाड्यावरच्यांना तिथे येऊच देत नव्हते. रोज संध्याकाळी बसप्पाच ठेवत होता, आपल्या खर्चाने.

तेव्हा ताय पुढे झाली. काठी टेकत, गुडघे दाबत, थेट मॅनेजरपुढे.

"देवचाराक वाट सोडतास, आणि माका नाय? मी त्याच्यापेक्षा वायट काय रे?"

मॅनेजरला कोकणी येत नव्हती, पण त्याला सगळं कळलं. मामलेदारांनी दुसरीकडे तोंड फिरवलं. त्यांचे खांदे हलत होते. मग गंभीर होऊन ते वकिलांना म्हणाले, "वाट नाहीच, असं तुमचं म्हणणं होतं ना? मग तुमचा माणूस रोज संध्याकाळी काय उघडतो?" वकिलांनी रुमाल काढला, पण या वेळी घाम पुसायला.

तलाठ्याने टेप धरली. मी दुसरं टोक धरायला पुढे झालो, सवयीने. पायांनी झिजून गुळगुळीत झालेले दगड पत्र्याच्या अलीकडे होते तसे पलीकडेही होते, एका रेघेत. इतकी वर्षं चालली होती माणसं. माझ्या एका ओळीला त्याचा पत्ता नव्हता.

निकाल यायला महिना लागला. वाट मोकळी करा, पायी जाणाऱ्यांना अडवू नका. बसप्पाने पत्रा काढला तो कोंबड्यांच्या खुराड्यावर घातला. कंपनी वर अपील करणार असं ऐकतो, करू दे. मुलगा मुरगावला एकटाच परत गेला. गाडीवाल्या पुरवठादाराने, कशी कोण जाणे, कचेरीतली हकिगत ऐकली आणि प्रज्ञाला विचारलं, "तुमचा तो काका खरं बोलतो म्हणे?" काम मिळालं. तिने मात्र माझी टीप लिहायची पद्धत अजून माफ केलेली नाही.

ताय महिनाभर माझ्याशी बोलली नव्हती. मी तरी कुठल्या तोंडाने बोलणार? मग राखणदाराला रोट द्यायचा दिवस आला आणि तिचा निरोप आला: ये. मी बसने गेलो आणि थांब्यावरून देवचाराच्या वाटेने चालत वर गेलो. पंधरा मिनिटं म्हणतात, मला पंचवीस लागली. भिंतीच्या खिंडारात ताय उभी होती, पदराखाली दोन रोट घेऊन. शेजारी बसप्पा, मिशांना तेल लावून.

एक रोट तिने दगडावर ठेवला. दुसरा माझ्या हातात दिला.

"एक त्येका, एक तुका. त्येणां वाट राखली. तुवां गमयली, पण सगळ्यांसमोर खरां सांगितलंस. आणि सांगितला मीच मां तुका, काड म्हणान? माझीय चूक." मग लगेच आवाज चढवून, "खा मरे! बघत काय रवलंस?"

मी खाल्ला. वर बसप्पाच्या बाटलीतलं पाणी प्यालो. रोट कोरडा होता असं समजा.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात जाऊन ती ओळ खोडली आणि चार लिहिल्या. वाट दाखव, ठिपक्यांची. जवळ गेल्यावर दिसू दे. पायी जाणाऱ्याला जाऊ दे. गाडीला नको. सगळ्या पायवाटा तपासल्या, अर्धा नव्हे, सगळा दिवस गेला. बाजारात मासळी काय आली होती ते मी विचारलंसुद्धा नाही. शेवटी नियमाच्या डोक्यावर टीप लिहायची राहिली. प्रज्ञा मागे येऊन उभी राहिली. म्हणाली, "काका, या वेळी नीट कारण लिहा."

मी लिहिलं: 'ताय चालते म्हणून.'

तिने वाचलं, आणि राहू दिलं.